तासाला चार टन ऊस

आमचं रान कटफळला, बारामतीच्या विमानतळाजवळ. उसाला पाणी धरावं तर डोक्यावरून दोन सीटचं सेस्ना घरघरत जातं, धावपट्टीला चाकं टेकवतं आणि न थांबता पुन्हा वर. शिकाऊ पोरं उतरण्याचा सराव करतात. सुट्टीत हेच बघत बसणारा माझा इंदापूरचा भाचा दहावी होताच म्हणाला, "मामा, पायलट व्हायचंय."

"नोकरी करायचीय, का नुसतं उडायचंय?"

तो गप्प. आमच्याकडं हा प्रश्न कुणी विचारतच नाही. जो तो सीपीएलचं, म्हणजे व्यावसायिक परवान्याचं नाव घेतो. त्याला 200 तासांचं उड्डाण आणि क्लास वन मेडिकल लागतं. हौसेला पीपीएल, म्हणजे खासगी परवाना, पुरतो. दहावी पास, वय 17, क्लास टू मेडिकल, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षा आणि 40 तास. त्यातच एकट्यानं 150 नॉटिकल मैलांचा, म्हणजे 278 किलोमीटरचा प्रवास करावा लागतो, वाटेत दोन विमानतळांवर उतरून. मात्र उडवण्याचे पैसे घेता येत नाहीत. मामाला फिरवून आणलं तरी भाडं मागायचं नाही!

खर्च मी उसात मोजला. तासाला 15,000 रुपये धरले. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते, पण ती इथं वजा केली नाही. म्हणजे एका तासाला चार टनांवर ऊस. 40 तासांचे 6 लाख. एकरी 40 टन धरले तर सव्वाचार एकर. 200 तासांना एकवीस एकर. आमचं सगळं रान तीन एकर. शिवाय परवाना खिशात आला म्हणून विमान दारात येत नाही, पुढच्या प्रत्येक तासाचं भाडं वेगळंच.

म्हणून त्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचं सांगितलं. ग्लायडरला जमिनीवरची विंच दोरानं ओढून वर सोडते. पुढं वर चढणाऱ्या गरम हवेवर घारीसारखं तरंगायचं. इंधन जाळत बसायला नको, म्हणून खिशालाही हलकं.

त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, पायलट होण्याला विरोध होता, पण तो पैशांसाठी नव्हताच. 25 जुलै 2022 ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शिकाऊ विमान शेतात कोसळलं होतं. चालवणारी मुलगी वाचली, पण ताईच्या मनातून ते जात नाही.

ग्लायडरचं सगळं तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इंजिनच नाही? मग बंद काय पडणार! पाठव त्याला."