जे-लीगचे नवे वेळापत्रक : उकाडा टळला, बर्फाचे काय?

जपानची जे-लीग ही व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा १९९३ मध्ये सुरू झाली. वसंतात प्रारंभ आणि हिवाळ्याच्या तोंडावर समारोप, असा तिचा परिपाठ होता. २०२६-२७ पासून हंगाम ऑगस्टमध्ये सुरू करून पुढील उन्हाळ्याच्या तोंडावर संपविण्याचा निर्णय लीगने डिसेंबर २०२३ मध्ये घेतला.

यामागे तीन कारणे आहेत. जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात खेळाडूंची गती मंदावते. आशियाई चॅम्पियन्स लीगने २०२३ मध्ये हंगाम बदलल्याने जपानी क्लबांची मोहीम दोन हंगामांत विभागली गेली. शिवाय युरोपीय क्लब आपल्या हंगामाआधी, म्हणजे जपानमध्ये ऐन स्पर्धा रंगात असताना, खेळाडू घेऊन जात.

अडचण आहे ती बर्फाची. निइगाता, होक्काइडो हे प्रचंड हिमवर्षावाचे प्रदेश. निइगाताच्या अल्बिरेक्स क्लबने या बदलाला उघड विरोध केला. तोडगा म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून सुमारे दोन महिन्यांची विश्रांती ठरविण्यात आली. परंतु विश्रांतीच्या काळातही सराव थांबविता येत नाही. त्यासाठी उबदार दक्षिणेत मुक्काम करणे किंवा बंदिस्त मैदान उभारणे, हे दोन्ही मार्ग खर्चिक आहेत.

उकाड्याची झळ बहुतेक सर्वच क्लबांना बसत होती. बर्फाचा भार मात्र मोजक्यांच्या वाट्याला येतो. तो लीग कितपत वाटून घेते, यावरच या सुधारणेचे यश अवलंबून आहे.