घरातली पाण्याची भिंत
घरात दगडी जलभिंत उभारताना रंगाआधी दगडाचा स्वभाव पाहावा. गुळगुळीत ग्रॅनाइटवरून पाण्याचा पातळ पडदा जवळजवळ निःशब्द उतरतो. खडबडीत स्लेटवर तो फुटतो, आवाज वाढतो, शिंतोडेही उडतात. २० मिमी जाड ग्रॅनाइटचा एक चौरस मीटर सुमारे ५४ किलो भरतो, तेव्हा आधी अभियंत्याला विचाराच. खरी कसोटी पाण्याची. बोअरचे जड पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि काळा दगड पांढुरका होतो. संगमरवरावरचे असे डाग आम्लाने काढू नयेत, पॉलिशच जाते. त्यापेक्षा आरओचे पाणी भरावे. टाकी नियमित धुवावी: कोमट, साचलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि तुषारांतून फुफ्फुसांत जातो.