बरणीतून उडून गेलेला पुरावा

मंडळातल्या एका कुटुंबाने घर घेण्याआधी जमीन तपासून घेतली. शेजारी पूर्वी ड्रायक्लीनिंगचे दुकान होते. रिपोर्ट निर्मळ आला, म्हणून त्यांनी तो आनंदाने आम्हाला दाखवला. आम्ही आकड्यांआधी नमुना कसा घेतला ते वाचले. माती फावड्याने उकरून अर्ध्या बरणीत भरलेली! अशाने काय सापडणार?

ड्रायक्लीनिंगचे परक्लोरोएथिलीन, ज्याने कपड्यांना गोडसर वास येतो, ते उघड्या अत्तरासारखे उडते. माती उकरली, बरणीत हवा राहिली, की बरेचसे वाटेतच जाते. म्हणून अमेरिकेच्या ईपीएची १९९६ ची ५०३५ क्रमांकाची पद्धत आहे. तोंड कापलेल्या सिरिंजसारख्या नळीने सुमारे ५ ग्रॅम माती अखंड काढायची, तिथल्या तिथे मिथेनॉलच्या कुपीत सोडायची, झाकण घट्ट लावून बर्फात ठेवायची.

ही वाफ तळघराच्या फटींतूनही वर येते, आणि त्यांच्या लेकीची खोली तळघरातच होणार होती. फरशीखालची हवाही तपासायला सांगितली. दुसऱ्या खेपेला दोन्हींत परक्लोरोएथिलीन निघाले. विकणारे चिडले, पण व्यवहार थांबला.

कुणी घर बघत असाल तर रिपोर्ट घेऊन या. मराठी शाळेच्या वेळी आम्ही असतोच.