तान्ह्या बाळाची कावीळ : साठ दिवसांच्या आतील निर्णय

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २४ व्या अध्यायात व्याधींचे सात वर्ग सांगितले आहेत. त्यांतील जन्मबलप्रवृत्त या वर्गात पंगुत्व, जन्मांधत्व, बाधिर्य अशी उदाहरणे येतात. ही व्यंगे डोळ्यांना दिसतात. दुभंगलेला ओठ किंवा वाकडे पाऊल घरातील वडीलधारी बाईही ओळखते आणि बाळाला योग्य ठिकाणी नेले जाते. परंतु काही विकृती अगदी सामान्य लक्षणाच्या आड दडलेल्या असतात. त्यांत पित्तवाहिन्यांचा अवरोध, म्हणजे बिलिअरी अट्रेशिया, हा विकार आम्हां वैद्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. याचे कारण उघड आहे. कावीळ म्हटली की आजही कित्येक कुटुंबे प्रथम वैद्याकडे किंवा आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात येतात.

विकाराचे स्वरूप

या विकारात यकृताबाहेरील पित्तवाहिन्या जन्माच्या सुमारास दाह होऊन तंतुमय होतात व त्यांची पोकळी नाहीशी होते. नेमके कारण अद्याप निश्चित झालेले नाही. युरोपात साधारणपणे १५ ते १९ हजार जन्मांत एक, तर तैवानमध्ये ५ ते ६ हजार जन्मांत एक असे याचे प्रमाण आढळते. पित्त आतड्यात उतरत नाही, यकृतातच साचते आणि यकृत कठीण होत जाते. उपचार न झाल्यास बहुतेक बालके दोन वर्षांच्या आत दगावतात.

फसवणूक होते ती आरंभी. बाळ गुटगुटीत असते, अंगावर चांगले पिते, वजनही वाढते. नवजात अर्भकाला पहिल्या आठवड्यात होणारी कावीळ सर्वांच्या परिचयाची असल्याने ‘उन्हात धरा, उतरेल’ असे सांगितले जाते. काही ठिकाणी माळ घालून कावीळ उतरविण्याचा प्रयत्न होतो. त्यातच बाळंतीण व बाळ यांना सव्वा महिना घराबाहेर न काढण्याची रीत आहे. अशा रीतीने पहिले चाळीस दिवस सहज निघून जातात, आणि याच विकारात दिवसांना मोल आहे.

चरकोक्त लक्षण

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पांडुरोगाच्या १६ व्या अध्यायात, शाखाश्रित कामलेचे वर्णन आहे. तेथे मल तिळाच्या कल्कासारखा होतो असे सांगितले आहे. पित्ताचा मार्ग रुद्ध झाला की मलाला रंग राहत नाही, हे निरीक्षण आजही तितकेच खरे आहे. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. चरकाचार्यांच्या संप्राप्तीत मार्ग असतो, तो कफाने अडलेला असतो. म्हणून कफहर, तीक्ष्ण द्रव्यांनी तो मोकळा करण्याची चिकित्सा तेथे सांगितली आहे. या बालकांत मार्गच नष्ट झालेला असतो. नसलेला मार्ग कोणत्याही औषधाने मोकळा होणार नाही. तेथे शल्यकर्म हाच उपाय होय.

कासाई शस्त्रक्रिया

पूर्वी अशा बहुसंख्य बालकांचा विकार ‘दुरुस्त न होणारा’ मानला जाई. १९५५ साली जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात मोरिओ कासाई यांनी ७२ दिवसांच्या बाळावर शस्त्रक्रिया केली. यकृताच्या द्वाराशी रक्तस्राव होत असल्याने त्यांनी तेथे आतडे टेकवून बसविले. पुढे त्या मार्गाने पित्त उतरू लागले. १९५९ साली त्यांनी ही पद्धती प्रसिद्ध केली.

आज शस्त्रक्रियेच्या वेळी प्रथम पित्तमार्गाचे रंजकद्रव्य देऊन क्ष-किरण चित्र घेतात व निदान पक्के करतात. नंतर पित्ताशयासह तंतुमय झालेल्या वाहिन्या यकृतद्वारापर्यंत काढून टाकतात. तेथे उरलेल्या अतिसूक्ष्म नलिकांतून पित्त झिरपू शकते. त्या जागेवर लहान आतड्याचा एक फाटा आणून शिवतात, म्हणजे पित्त थेट आतड्यात येते.

यकृतातील सूक्ष्म नलिका टिकून आहेत तोवरच याचा उपयोग. म्हणून ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास यशाची शक्यता अधिक असते आणि ९० दिवसांनंतर ती बरीच घटते. यश म्हणजे पूर्ण मुक्ती नव्हे, हेही पालकांना स्पष्ट सांगावे. पुष्कळ बालकांना पुढे यकृतरोपण लागते. बालकांतील यकृतरोपणाचे सर्वांत मोठे कारण हाच विकार आहे. १९९८ साली दिल्लीत भारतातील पहिले यशस्वी बाल-यकृतरोपण झाले, तो रुग्णही याच विकाराचा होता. तरीही वेळेवर झालेली कासाई शस्त्रक्रिया बाळाला वाढीची वर्षे मिळवून देते आणि काहींना स्वतःच्या यकृतावर दीर्घ आयुष्य देते.

चिकित्सालयात व दुकानात काय पाहावे

निदानाचा पहिला धागा महागड्या यंत्रात नसून बाळाच्या दुपट्यावर आहे. आईला साध्या शब्दांत विचारावे, ‘बाळाची शी कोणत्या रंगाची होते? लघवीचा डाग पडतो का?’ शक्य तर दुपटे मागवून दिवसाच्या उजेडात स्वतः पाहावे. निरोगी तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ रंगहीन असते. दुपट्यावर पिवळा डाग राहणे आणि शी पांढुरकी, मातकट किंवा फिकट असणे, ही धोक्याची चिन्हे होत. केवळ स्तन्यपानामुळे लांबलेल्या काविळीत शी पिवळी व लघवी स्वच्छ असते.

पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली, तर रक्तातील बिलिरुबिन ‘टोटल’ व ‘डायरेक्ट’ असे दोन्ही तपासून घ्यावे. केवळ एकूण आकड्यावर समाधान मानू नये. डायरेक्ट बिलिरुबिन १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास बाळाला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ किंवा बालशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. नाळेतून अथवा नाकातून रक्त येत असेल तर त्याच दिवशी पाठवावे. पित्ताअभावी के जीवनसत्त्व शोषले जात नाही व मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विशेष विनंती आहे. काविळीसाठी आरोग्यवर्धिनी मागणारा ग्राहक आला, तर ‘कोणासाठी?’ एवढे अवश्य विचारावे. तान्ह्या बाळासाठी असेल तर औषध न देता तपासणीस पाठवावे. आरोग्यवर्धिनीत ताम्रभस्म असते, आणि शरीरातील ताम्र बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग पित्त हाच आहे. तो मार्ग बंद असताना ताम्र यकृतातच साचते.

तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत मलाच्या रंगांचे चित्रपत्रक दिले. आई घरीच रंग ताडून पाहू लागली आणि ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांचे प्रमाण वाढले. असे पत्रक चिकित्सालयाच्या भिंतीवर लावण्यास फारसा खर्च येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर

अशी बालके पुढेही आमच्याकडे येत राहतात. ताप येणे, कावीळ परतणे किंवा शी पुन्हा फिकट होणे ही पित्तमार्गाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. तेथे घरी ज्वरचिकित्सा न करता बाळाला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातच पाठवावे. अ, ड, ई व के जीवनसत्त्वे आणि तज्ज्ञांनी दिलेली औषधे बंद करू नयेत.

२०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष पदवीधरांची नेमणूक केली गेली. म्हणजे जन्मजात व्यंगे शोधण्याचे काम आमच्या शास्त्राच्या पदवीधरांकडे शासनानेच सोपविले. मुंबईत वाडिया बालरुग्णालय, केईएम व सायन येथे बालशल्यविभाग आहेत. आपल्या गावापासून जवळचा असा विभाग कोणता, तेथे कोणत्या दिवशी तपासणी होते, याची माहिती प्रत्येक वैद्याने व दुकानदाराने आजच टिपून ठेवावी. बाळ समोर आल्यावर शोधाशोध करण्यात गेलेला आठवडाही या विकारात परवडणारा नसतो.