सरहद्दीवरील पूर्वजाचा माग
अठराव्या शतकाअखेर केंटकीच्या अरण्यात वसलेल्या पूर्वजाचा शोध घेणारा अमेरिकन प्रथम खानेसुमारीकडे वळतो आणि तेथेच अडतो. त्या प्रदेशाच्या १७९० व १८०० च्या याद्या नष्ट झाल्या आहेत. शिवाय १८५० पूर्वी नाव लिहीत ते केवळ कुटुंबप्रमुखाचे, बाकीची माणसे म्हणजे नुसते आकडे. मग उरतात करवसुलीच्या याद्या. रूक्ष खऱ्या, पण बोलक्या! एखाद्या तरुणाचे नाव त्यांत प्रथम उमटले, की त्याने एकविशी गाठली असावी, असे अनुमान निघते. पत्नीचे नाव मात्र बहुधा जमिनीच्या विक्रीखतात सापडते. कारण पतीने जमीन विकली, की तीवरील आपला वैधव्यातील हक्क तिला सोडून द्यावा लागे. आणि गुलामांचे काय? १८५० व १८६० च्या गुलामयाद्यांत धन्याच्या नावाखाली त्यांचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच बहुधा आढळते. मुक्त झालेल्या या माणसांची नावे खानेसुमारीत आली ती १८७० साली.