पाळी गेल्यावर दिसणारा लाल डाग



आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही, असे आपण मानतो. म्हणूनच तो नीट सांगितला पाहिजे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले, तर काय समजावे?

आधी हिशेब पाहू. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी पंचेचाळीस ते पन्नाशीच्या सुमारास जाते. सलग 12 महिने ती आली नाही, म्हणजे गेली असे डॉक्टर धरतात. त्यानंतर थेंबभर रक्त दिसले, लुगड्याला एकच डाग पडला, तरी ती परत आलेली पाळी नव्हे. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून गप्प बसू नका.

मग ते असते काय? पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते. त्यामुळे आतले अस्तर पातळ व कोरडे पडते. थंडीत ओठ फुटून रक्त यावे, तसे तेथून येते. पुष्कळदा कारण एवढेच निघते. कधी अस्तरावर मऊ कोंब वाढतो, कधी अस्तरच जाड होते. परंतु अशा दहा बायकांत साधारण एकीला गर्भपिशवीचा कर्करोग निघतो. आपल्या देशात पुष्कळ आढळणारा पिशवीच्या तोंडाचा कर्करोगही अशीच सूचना देतो. डाग मात्र सगळ्यांचा सारखाच! नुसता कपडा पाहून कोणालाही कारण सांगता येत नाही.

तपासणीला भिण्याचे कारण नाही. डॉक्टर आत पाहतात, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ती 4 मिलिमीटरपेक्षा जास्त भरली, किंवा रक्त पुन्हा गेले, तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा काढून तपासतात. पाळी केव्हा गेली, रक्त कधी दिसले, कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून न्या. ‘पिशवीच काढून टाकू’ असे कोणी म्हटले, तर आधी विचारा, “तुकडा तपासला का?”

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून आहे. गावोगावचे रोगी तेथे येतात. याच रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत, डॉक्टर नसलेल्या पण या कामासाठी तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी पिशवीच्या तोंडाला शिरक्यासारखे सौम्य आम्ल लावून पाहत. संशयाची जागा पांढरी दिसे. 2013 साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते. वेळेवर पाहिले तर जीव वाचतो, हे साध्या वस्तीत सिद्ध झाले.

मात्र ती तपासणी तक्रार नसलेल्यांसाठी. जिला रक्त दिसले, तिने शिबिराची वाट पाहू नये. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, तेथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात. सगळ्यांनाच परळ गाठावे लागत नाही.

शिक्षक मंडळी, आपल्या शब्दाला गावात मान आहे. महिला मंडळात, माता-पालकांच्या बैठकीत एवढे एकच वाक्य सांगा: पाळी गेल्यावरचा एकही डाग अंगावर काढायचा नाही. घरातल्या पुरुषांनीही आई-सासूला विचारावे आणि दवाखान्यात सोबत जावे. बहुतेकींना निर्धास्त होऊन परत येता येईल. आणि जिचे दुखणे मोठे असेल, तिच्यावर वेळीच उपाय करता येईल.