परत आलेला स्ट्रायकर आणि रिकामी जागा

(मिठबाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस फुटबॉलवर काय बोलणार, असं काही जणांच्या मनात आलं असेल. पण मैदानाबाहेर जे वाद चालतात ते पुष्कळदा तत्त्वज्ञानाचेच असतात, फक्त जरा मोठ्या आवाजात चालतात. 2025 साली असा एक वाद देशभर झाला. आपल्या शेजारी गोव्यात तो तावातावाने झाला आणि आपल्याकडेही झाला. निवृत्त झालेल्या, चाळिशी गाठलेल्या स्ट्रायकरने देशाच्या संघात परत यावं का? कोणाचं बरोबर हे ठरवण्याआधी, माणसं नेमक्या कोणत्या प्रश्नावर भांडत होती एवढं आज आपण पाहू.

आधी घटना नीट लावून घेऊ. सुनील छेत्रीचा जन्म ऑगस्ट 1984चा. जून 2005 मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि त्यातच त्याने गोल केला. गोव्याला तो परका नाही. डेम्पोकडून खेळला, चर्चिल ब्रदर्सकडून खेळला. पुढे मुंबई सिटीकडूनही. 6 जून 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्धचा सामना खेळून त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. तो सामना 0-0 सुटला. तेव्हा त्याच्या नावावर 151 सामने आणि 94 गोल होते. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये त्याच्या पुढे तिघंच होते: रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई.

पण क्लबकडून तो खेळतच राहिला. बंगळुरूसाठी 2024-25च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्याने 14 गोल केले. भारतीय खेळाडूंत सगळ्यात जास्त. आणि देशाचा संघ? 2024च्या संपूर्ण वर्षात त्याला एकही सामना जिंकता आला नाही. तेव्हा प्रशिक्षक होते मानोलो मार्केझ. ते त्याच काळात एफसी गोवा हा संघही सांभाळत होते. मार्च 2025 मध्ये छेत्री परत आला.

त्यावर लोक काय म्हणाले, ते आपल्या मालवणीतच सांगायचं तर दोन वाक्यांत सांगता येईल. एक पक्ष: "चाळीस वर्सांचो झालो तो, आता पोरांका खेळूक देवक नको?" दुसरा पक्ष: "मगे गोल कोण मारतलो?"

आता गंमत बघा. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. तरी माणसं तासन् तास भांडतात, तेव्हा समजावं की एका प्रश्नाच्या पोटात अनेक प्रश्न लपलेले आहेत. आम्हाला त्यात तीन दिसतात.

पहिला प्रश्न सामर्थ्याचा. त्याला अजून जमतं का? हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, त्याला भावनेचं काम नाही. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. त्यातलं एक प्रत्यक्ष, दुसरं अनुमान. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग असणार, हे अनुमान. पण आगच डोळ्यांसमोर असेल तर धुरावरून तर्क करत कोणी बसत नाही. 'चाळीस वर्षांचा आहे, म्हणजे थकला असणार' हे अनुमान झालं. 14 गोल हे प्रत्यक्ष. तेव्हा नुसतं वय हा पुरावा होत नाही. अर्थात, लीगमध्ये जमतं म्हणून देशाकडून जमेलच, हेसुद्धा अनुमानच. त्याचं प्रत्यक्ष मैदानावरच मिळणार होतं. ते मिळालं, त्याकडे पुढे येऊ.

दुसरा प्रश्न मानाचा. मुंबईच्या क्रिकेटमध्ये एक जुनं वचन सांगतात: लोक 'का जातोस' असं विचारतात तोवर जावं, 'कधी जातोस' असं विचारू लागेपर्यंत थांबू नये. वचन सुंदर आहे. पण ते कोणाची काळजी करतं? खेळाडूच्या प्रतिमेची. संघाचं काय, हा विचार त्यात नाही. 'त्याने आठवणींवर पाणी पाडू नये' असं जे चाहते म्हणतात, ते खरं तर स्वतःच्या आठवणी जपत असतात. बालगंधर्वांच्या उतारवयातल्या स्त्रीभूमिकांवरून मराठी रसिकांत जो वाद झाला, तो याच जातीचा. रसिकाला आपली आठवण प्रिय असते, यात गैर काही नाही. पण माझी आठवण डागाळू नये म्हणून तू घरी बस, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

या ठिकाणी कॅमेरूनच्या रोजर मिलाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तो निवृत्त झाला होता. 1990च्या विश्वचषकासाठी देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या सांगण्यावरून तो 38व्या वर्षी परत आला. बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने 4 गोल केले, आणि कॅमेरून हा उपांत्यपूर्व फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी संघ ठरला. 1994 मध्ये, 42व्या वर्षी, तो पुन्हा विश्वचषकात उतरला आणि रशियाविरुद्ध गोल करून गेला. तो सामना कॅमेरूनने 1-6 असा गमावला. 1990चा गोल संघाला पुढे नेणारा होता, 1994चा गोल विक्रमाच्या वहीत गेला. माणूस तोच, कौशल्य तेच. फरक पडला तो त्याच्या भोवती संघ होता की नव्हता, याचा.

तिसरा प्रश्न वारशाचा, आणि तो सगळ्यात अवघड. म्हातारा जागेवर बसला तर तरुणाने कुठे जायचं? आपल्याला लगेच ययाती आठवतो. त्याच्यावर कादंबरी लिहिणारे वि. स. खांडेकर तर आपल्याच जिल्ह्यात, शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. शापाने म्हातारा झालेला ययाती मुलाचं, पुरूचं तारुण्य मागून घेतो. छेत्रीच्या पुनरागमनाला विरोध करणाऱ्यांच्या मनात हेच चित्र होतं: पोरांची वर्षं म्हातारा खातोय.

पण हे चित्र इथे लागू पडतं का? एक तर ययातीने तारुण्य स्वतः मागितलं, इथे संघाने माणसाला बोलावलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पुरूचं तारुण्य कोणाकडे गेलं होतं, हे आधी तपासायला हवं. इंडियन सुपर लीगचे नियम बघा. 2014 साली ती सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत किमान 5 भारतीय असावेत एवढीच अट होती. 2017 पासून ती 6 झाली, 2021 पासून 7. म्हणजे परदेशी खेळाडूंना चार जागा तरी उरल्याच. क्लबला सामने जिंकायचे असतात. मग परदेशी खेळाडूवर पैसा घालायचा तर तो गोल मारणाऱ्या जागेवर घालायचा, हा साधा व्यवहार. भारतीय मुलगा बचावात खेळतो, बाजूने धावतो, पण मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर परदेशी. आठवडाभर जी जागा त्याला क्लबमध्ये मिळत नाही, ती देशाच्या संघात एका संध्याकाळी तो कशी भरणार? छेत्रीने कोणाची जागा घेतली, असं विचारलं तर उत्तर असं, की ती जागा बऱ्याच अंशी रिकामीच होती.

मनुस्मृतीत गृहस्थाने वनात कधी जावं याच्या खुणा सांगितल्या आहेत. अंगावर सुरकुत्या आणि पांढरे केस दिसले की, आणि नातवाचं तोंड पाहिलं की. त्या ग्रंथाशी आमचे मतभेद पुष्कळ आहेत, पण या खुणा विचारपूर्वक निवडलेल्या आहेत. सुरकुत्या शरीरावरच्या. नातू मात्र शरीराबाहेरचा. नुसतं वय झालं म्हणून घर सोडायचं नाही. मागे घर चालवणारं कोणी आहे, हेही बघायचं. भारतीय फुटबॉलमध्ये पहिली खूण दिसत होती, दुसरी दिसत नव्हती. वाद पेटला तो यामुळे.

आता मैदानाने काय सांगितलं? 19 मार्च 2025ला शिलाँगमध्ये मालदीववर 3-0 असा विजय. त्यात छेत्रीचा 95वा गोल. सगळे खूश. सहा दिवसांनी तिथेच, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत, बांगलादेशशी 0-0. जूनमध्ये हाँगकाँगकडून 0-1. मग प्रशिक्षक बदलले, खालिद जमील आले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी तिथे 1-1, आणि 14 ऑक्टोबरला मडगावात, फातोर्ड्याच्या मैदानावर 1-2. भारत 2027च्या आशियाई चषकातून बाहेर. या चार पात्रता सामन्यांत भारताचे गोल दोन, आणि त्यातला एकही छेत्रीचा नाही. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा थांबला. त्याच महिन्यात ढाक्याला, त्याच्याशिवाय, बांगलादेशकडून 0-1.

'तो आला की प्रश्न सुटेल' म्हणणारे आणि 'तो गेला की प्रश्न सुटेल' म्हणणारे, दोघांनाही मैदानाने एकच उत्तर दिलं.

मग परत बोलावणं चूक होतं का? आमच्या मते इथे दोन कर्तव्यं वेगळी करायला हवीत. प्रशिक्षकाचं कर्तव्य पुढचा सामना. देशात सर्वांत जास्त गोल करणारा भारतीय उपलब्ध असताना त्याला न बोलावणं, हा त्याच्या कर्तव्यात कसूर झाला असता. पण संघटनेचं कर्तव्य पुढची दहा वर्षं. तिने मुलांना ती जागा खेळायला मिळेल अशी व्यवस्था करायची असते. प्रशिक्षकाच्या तात्पुरत्या उपायाला संघटनेने आणि आपण चाहत्यांनी उत्तर मानलं, दोष तिथे आहे. वर्षभर आपण माणसाच्या वयावर बोललो, जागेवर बोललोच नाही.

आपल्या किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढायला माणसं कमी पडली, की साठीचा माणूसही पुन्हा दोराला हात लावतो. 'तू कशाला आलास?' असं त्याला कोणी म्हणत नाही. पण जाळं किनाऱ्याला लागल्यावर, मासळी वाटून झाल्यावर, शहाणा माणूस एवढं तरी विचारतो, की दोर ओढणारी पोरं गेली कुठे, आणि ती इथे राहावीत म्हणून आपण काय केलं?

हा प्रश्न शाळेला लागू आहे, गावच्या मंडळाला लागू आहे, आमच्यासारख्या निवृत्त होऊनही व्याख्यानं देत फिरणाऱ्यांना तर आहेच. पुढच्या वेळी कोणी जुना माणूस परत आला, तर त्याचं वय विचारा, हरकत नाही. पण त्याआधी, तो गेल्यानंतर त्या जागेवर कोणाला उभं केलं होतं आणि किती दिवस, हे विचारा. त्याचं उत्तर मिळालं, तर परत आलेल्या माणसाबद्दलचा अर्धा वाद तिथेच मिटेल.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या. मागे बसलेल्या तरुण मंडळींपासून सुरुवात करू.